फोन लागला होता का?

मागच्या महिन्यात ठाण्याच्या घरी साफसफाई करताना बाबांच्या कपाटात एक फ्लॉपी सापडली. ज्यांनी फ्लॉपी फक्त 'सेव्ह'च्या चिन्हातच पाहिली आहे त्यांना सांगतो, ही खरी वस्तू होती आणि तिच्यात १.४४ एमबी मावायचे. म्हणजे तुमच्या मोबाइलने काढलेला एक धड फोटोही नाही. तिच्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'अलार्म, डोंबिवली, १९९९'. मी ती हातात घेऊन विचारलं, ठेवायची का टाकायची? बाबा म्हणाले, "ठेव." आणि उठून आत गेले.

तर आजचा भाग या फ्लॉपीचा.

आमच्या काकांचं डोंबिवली एमआयडीसीत फेज १ मध्ये मोटार रिवाइंडिंगचं वर्कशॉप होतं. जळालेल्या मोटारी यायच्या, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. तांब्याची रिळं कायम पडलेली असायची आणि तांबं म्हणजे चोरासाठी रोख पैसे. रात्री तीन गाळ्यांना मिळून एकच वॉचमन. आम्ही मुलं त्यांना वॉचमन मामा म्हणायचो. बाजारात तयार अलार्म मिळत होते, पण काकांना किंमत परवडेना आणि बाबांना हौस आवरेना. बाबा नोकरीत कॉम्प्युटर हाताळायचे. ते म्हणाले, "दादा, तुझ्या केबिनमध्ये बिलं करायला जो पीसी आहे ना, तोच राखण करेल."

आता जरा यंत्राकडे बघू, कारण मला अजूनही ते भारी वाटतं. शटरला एक लोहचुंबक, चौकटीला रीड स्विच. शटर बंद असेपर्यंत चुंबक जवळ, स्विच जोडलेला. शटर उचललं की चुंबक लांब जातो आणि स्विच सुटतो. त्याच्या दोन वायरी थेट प्रिंटरच्या पोर्टमध्ये. हो, प्रिंटरच्याच! त्या काळच्या पॅरलल पोर्टला पाच पिना अशा होत्या की ज्यांवरून प्रिंटर कॉम्प्युटरला सांगायचा, 'कागद संपला', 'मी कामात आहे' वगैरे. बाबांनी त्यातली कागद संपल्याची पिन पळवली. शटर उघडलं की कॉम्प्युटरला वाटणार कागद संपला, आणि बाबांचा छोटा प्रोग्रॅम ते ओळखून मोडेमला हुकूम सोडणार, ठाण्याच्या घरी फोन लाव.

मोडेमचे हुकूम 'एटी'ने सुरू व्हायचे. 'एटीडीटी' आणि पुढे नंबर, की मोडेम आपणच बटणं दाबल्यासारखे सूर काढून नंबर फिरवायचा. आणखी एक हुकूम होता, 'एटीएम शून्य'. पैसे काढायच्या एटीएमशी याचा काही संबंध नाही. त्याने मोडेमचा स्पीकर बंद व्हायचा. बाबांनी तो मुद्दाम घातला होता. नंबर फिरवल्याचा आवाज चोराने ऐकला तर तो वायरच उपटेल, असा त्यांचा हिशोब. चाचणी एका दुपारी झाली. काकांनी शटर उचललं, ठाण्यात आमच्या हॉलमधला फोन वाजला, मी उचलला, पलीकडे चिडीचूप. मी अकरा वर्षांचा होतो आणि मला वाटलं, आता आपण चंद्रावर जाणार.

ऑगस्टमध्ये चोरी झाली. मागचं शटर उचकटून सगळी रिळं नेली. केबिनला कुलूप होतं, पीसी जागच्या जागी. आणि आमचा फोन वाजला नाही.

निदान आईचं म्हणणं तसं होतं. मी फोनशेजारीच झोपायचो, मीही तेच सांगितलं. पण बाबांना शंका, आपण गाढ झोपलो असू. काकांना मात्र शंका नव्हती. अलार्मची गोष्ट बाहेरच्या कुणाला माहीतच नव्हती, फोनची वायर कुठून जाते ते फक्त वॉचमनला ठाऊक. त्यानेच काढली आणि सकाळी परत लावली! मामांना पोलीस स्टेशनला नेलं, दोन दिवस बसवून ठेवलं. मग सोडलं, पण एमआयडीसीत बातमी फिरली होती. बाकीच्या दोन गाळेवाल्यांनीही त्यांना कामावरून काढलं.

इथे थोडं थांबून मागे जाऊ, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं. 'चोर आला' हे तारेवरून दूर कळवायची कल्पना टेलिफोनपेक्षा जुनी आहे. अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या माणसाने १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटीचं पेटंट घेतलं. हे तेच वर्ष, जेव्हा बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. पुढे ते पेटंट एडविन होम्स यांनी विकत घेतलं आणि बॉस्टन, न्यूयॉर्कमध्ये घरांना, बँकांना वायरी जोडून एका मध्यवर्ती ऑफिसात आणल्या. मग १८७६ ला ग्रॅहम बेलचा टेलिफोन आला, पण त्याला वायरी कुठून आणायच्या? होम्सकडे तयार होत्या. १८७७ मध्ये बॉस्टनमध्ये होम्सच्या अलार्मच्या तारांवर दिवसा टेलिफोन चालायचे आणि रात्री त्याच तारा चोरांवर पाळत ठेवायच्या. म्हणजे आपण समजतो अलार्म टेलिफोनच्या पाठीवर बसून आला. इथे उलट, टेलिफोनच अलार्मच्या पाठीवर बसून आला.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ ला. पण सामान्य घरात फोन यायला आणखी शंभर वर्षं गेली. आमच्याकडे आजोबांनी नंबर लावला आणि फोन आला तेव्हा बाबांचं लग्न झालं होतं. एवढ्या दिव्यातून मिळालेली लाइन फक्त बोलायला नव्हती, ती जपायची वस्तू होती. फोनला लाकडी पेटी आणि पेटीला कुलूप असलेली घरं मी स्वतः पाहिली आहेत.

हे कुलूप लक्षात ठेवा.

आणि आपल्या भागाची एक गंमत. ठाणे आणि डोंबिवली लोकलने अर्ध्या तासाच्या आत, पण टेलिफोनच्या नकाशावर दोन वेगळे देश. १९८६ मध्ये एमटीएनएल स्थापन झालं तेव्हा ठाणे मुंबईबरोबर गेलं, कोड ०२२. मुंब्र्याची खाडी ओलांडून पुढे कल्याण-डोंबिवली दूरसंचार खात्याकडे राहिलं, कोड ०२५१. तेच खातं पुढे २००० साली बीएसएनएल झालं. ठाण्याहून कुलाब्याला फोन करायला कोड लागत नव्हता, पण डोंबिवलीहून ठाण्याला करायचा तर आधी शून्य दाबावा लागे. डोंबिवलीकरांना मुंबईत नोकरी, मुंबईत नातेवाईक, आणि प्रत्येक फोनला शून्य. बिलाच्या भीतीने तेव्हा लोकांनी आणखी एक सोय आनंदाने घेतली होती, एसटीडी लॉक. फोनवरून गुप्त आकडा दाबायचा, की एक्स्चेंजच शून्याने सुरू होणारे नंबर अडवून धरायचं.

कळलं असेल तुम्हाला आता. आमच्या बाबांना कळायला नऊ दिवस लागले.

बाबा आधी प्रोग्रॅमची नोंदवही उघडून बसले होते, ती याच फ्लॉपीवर आहे. रात्री २ वाजून काही मिनिटांनी शटर उघडल्याची नोंद, त्यानंतर ओळीने सहा प्रयत्न, आणि प्रत्येकापुढे मोडेमचं उत्तर, 'नो कॅरियर'. म्हणजे पलीकडे दुसरा मोडेम सापडला नाही. आता गोची अशी, की चाचणीच्या दुपारी मी स्वतः फोन उचलला होता तेव्हाही नोंद 'नो कॅरियर'च होती. कारण माणूस काही मोडेमसारखा किंचाळत नाही. फोन लागला आणि उचलला, लागला आणि वाजत राहिला, किंवा लागलाच नाही, तिन्हींना मोडेमचं एकच उत्तर.

पण एक गोष्ट त्यात साफ होती आणि ती बाबांना उशिरा दिसली. वायर काढलेली असती तर मोडेम 'नो डायलटोन' म्हणाला असता. सहाच्या सहा वेळा लाइन जिवंत होती. वायरीला कुणी हात लावला नव्हता.

त्याच संध्याकाळी बाबा डोंबिवलीला गेले. मला बरोबर नेलं होतं. काका निघायच्या तयारीत. बाबा म्हणाले, "दादा, रोज निघताना जे जे करतोस ते कर. काही गाळू नकोस." काकांनी देवाचा दिवा बघितला, पंखे बंद केले, कारकुनाच्या टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि बटणं दाबली. "हे काय?" "एसटीडी बंद करतो रोज. नाहीतर हे कारागीर रात्रपाळीला गावाला फोन लावतात." बाबांनी काही न बोलता 'एटीएम शून्य'ची ओळ काढून टाकली, स्पीकर मोठा केला आणि मला शटर उचलायला सांगितलं. मोडेमने सूर काढले. मग घंटीऐवजी एका बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, ही सुविधा आपल्या फोनवर उपलब्ध नाही. पुन्हा हिंदीत, पुन्हा इंग्रजीत. मग पडद्यावर, 'नो कॅरियर'.

काका खुर्चीवर बसले. बराच वेळ कुणी दिवा लावला नाही.

चाचणी दुपारी केली होती, लॉक उघडं असताना. चोर रात्री आला. एवढीच चूक.

आता योगायोग बघा. त्याच १९९९ मध्ये अमेरिकेत अलार्म उद्योगाच्या संघटनेने 'कॉन्टॅक्ट आयडी' नावाची पद्धत प्रमाण म्हणून छापली. आजही बँकांमधल्या, दुकानांमधल्या अनेक अलार्म पॅनलना ही भाषा येते. पॅनल फोन लावतं, पण बोलत नाही. पलीकडचं यंत्र आधी दोन छोटे सूर काढतं, १४०० हर्ट्झ आणि २३०० हर्ट्झ. अर्थ, 'मी ऐकतोय, बोल.' मग पॅनल बटणांच्या सुरांत सोळा आकडे पाठवतं. पहिले चार ग्राहकाचे. मग १८, म्हणजे ही कॉन्टॅक्ट आयडी आहे. मग १ म्हणजे घटना सुरू झाली, ३ म्हणजे पूर्ववत झाली. मग तीन आकड्यांत घटना: १३० म्हणजे घरफोडी, ११० आग, ३०१ वीज गेली. मग विभाग, मग कोणतं दार, आणि शेवटी एक आकडा बेरीज जुळते का ते बघायला. हे सगळं नीट पोचलं तर पलीकडून पुन्हा एक लांब सूर येतो. तो येईपर्यंत पॅनल पाठवत राहतं. बाबांच्या यंत्रात सगळं होतं, हा एक सूर नव्हता. आणि एक संकेत मला फार आवडतो, ६०२. त्याचा अर्थ, काहीही झालेलं नाही, ठरल्या वेळी फक्त आवाज देतोय. तो आला नाही तर पलीकडच्या माणसाने उठून चौकशी करायची.

कारण लाइन मुकी व्हायला चोरच लागतो असं नाही. २००२-०३ च्या सुमारास लँडलाइन नंबरांच्या आधी २ लागला. मुंबईवरून कल्याणला काही वर्षं ९५ लावून फोन करायचे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. माणसांनी पेपरात वाचलं आणि सवय बदलली. भिंतीवरच्या डब्यात जुना नंबर भरून ठेवला असेल तर तो डबा पेपर वाचत नाही.

पूर्वी लोडशेडिंगमध्ये अख्खी डोंबिवली काळोखात असायची तरी फोन चालू, कारण तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून साधारण ४८ व्होल्ट मिळत. आता घरोघरी फायबर. काचेतून वीज येत नाही, त्यामुळे घरातला डबा बंद पडला की फोनही बंद. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि पंखा घेतलात, राउटर घेतलात का?

अर्थात लाइन, सूर, सगळं ठीक असून उपयोग नाही, असंही होतं. जुलै २०२२ मध्ये डोंबिवलीत मानपाडा रोड भागातल्या एका खासगी बँकेतून साधारण १२ कोटी गेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चोर बाहेरचा नव्हता, आतलाच कर्मचारी. त्याने अलार्म आणि सीसीटीव्ही आधी निकामी केले आणि एसीच्या डक्टजवळचं भोक मोठं करून पैसे बाहेर काढले. आमच्या काकांचा जो संशय होता, तो इथे खरा होता. म्हणून मी काकांना वेडं म्हणत नाही. त्यांनी विचारायला हवं होतं, एवढंच.

लॉक सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी काका आणि बाबा वॉचमन मामांच्या खोलीवर गेले, कल्याणला पूर्वेला. काकांनी माफी मागितली, पगाराचं पाकीट पुढे केलं, परत या म्हणाले. मामांनी पाकीट घेतलं, तेवढ्या दिवसांचे मोजून बाकीचे परत दिले. बाबांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, कॉम्प्युटर, मोडेम, एक्स्चेंज, ठाण्याची घंटी. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, मी पुढच्या गेटवर होतो. पत्र्यावर पाऊस होता, मागचं काही ऐकू आलं नाही. तुमचं मशीन ठाण्याला फोन करत होतं ना? मला का नाही सांगितलं?"

बाबांनी त्या रविवारी गेटवर एक घंटा बसवली. साधी, दाराची, बॅटरीवर चालणारी. मामा काही परत आले नाहीत.