पावनखिंडीत लढलेली माणसं आपली होती

परवा आम्ही चार मित्र गाडी काढून पावनखिंडीला जाऊन आलो. पहाटे भोर सोडलं, शिरवळला हायवे पकडला, कराडला मिसळ आणि पुढं मलकापूरमार्गे पांढरपाणी. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. खिंडीत उतरलो तेव्हा मुंबईच्या पोरांचा एक ग्रुप फोटो काढत होता. त्यातल्या एकानं विचारलं, "काका, कुठून आलात?" म्हटलं, "भोरहून." तर म्हणतो, "बापरे, एवढ्या लांबून?"

मला हसू आलं. म्हटलं, "बाळा, इथं लढले ते भोरकडूनच आले होते की!" पोरगा बघतच राहिला.

त्याची चूक नाही. आपल्या पोरांना तरी कुठं माहीत आहे?

पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा होता. १२ जुलै १६६०च्या रात्री महाराज भर पावसात बाहेर पडले आणि विशाळगडाकडे निघाले. सोबत होते बांदलांचे मावळे, म्हणजे आपल्या हिरडस मावळातले. रात्रभर चिखल तुडवून दमलेली ही माणसं सकाळी घोडखिंडीत पाय रोवून उभी राहिली. पाठलागावर सिद्दी मसूद. पुढं विशाळगडालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा पडलेला. म्हणजे महाराजांना तिथंही लढूनच वर जायचं होतं. तेवढा वेळ खिंड धरायची, एवढंच काम. बाजीप्रभू पडले, पण खिंड सुटली नाही. हे बाजीप्रभू आपल्या शिंद गावचे.

आता गंमत बघा. हेच बांदल सुरुवातीला महाराजांच्या विरोधात होते. रोहिड्यावरून लढाई झाली आणि त्यानंतर ते स्वराज्यात आले. बाजीप्रभू या बांदलांचेच दिवाण. कालचा विरोधक उद्या आपल्यासाठी मरायला तयार होतो, ही साधी गोष्ट नाही. खिंडीनंतर दरबारातला पहिल्या पानाचा मान कारीच्या जेध्यांनी बांदलांना दिला, असं परंपरा सांगते. आज पाटीवर नाव आधी कुणाचं यावरून भांडणारे आपण, हे जरा आठवावं.

आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ही माणसं तिकडं लढत होती तेव्हा इकडं पुण्यात शाहिस्तेखान मे महिन्यातच येऊन बसला होता. चाकणचा किल्ला झुंजत होता. घरदार अशा अवस्थेत टाकून ती परमुलखात उभी होती. पाचच वर्षांनी, १६६५ला, मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेनं रोहिड्याच्या आसपासची गावंच्या गावं जाळली. ज्यांचा बाप खिंडीत गेला, त्यातल्या किती घरांना ती आग लागली असेल? त्याची नोंद कुठं नाही. रणांगण म्हणजे फक्त ती खिंड नव्हे. आपण रोज एसटीनं जातो-येतो ती शिवारंही रणांगणच आहेत.

आणि आज? हिरडस मावळात देवघरचं धरण झालं, शिवारं पाण्याखाली गेली, पोरं पुण्याला आणि शिरवळच्या कंपन्यांत. वेल्ह्याचं नाव बदलून राजगड तालुका झालं, चांगलंच झालं. पण नाव बदलून आठवण राहत नाही.

खिंडीत पडलेल्यांपैकी आपल्याला नावं किती माहीत आहेत? बोटावर मोजण्याइतकी. तीनशे होते म्हणतात. बाकीचे कोण होते, कुठल्या वाडीचे?

म्हणून एवढंच सांगणं. भोर-वेल्ह्यात अजून कितीतरी घरांत जुनी दप्तरं, मोडीतले कागद पोटमाळ्यावर पडून आहेत. वाळवी लागायच्या आत ती खाली काढा, मोडी वाचणाऱ्याला दाखवा, निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा. आणि येत्या १३ जुलैला पोरांना पावनखिंड दाखवायला नेता नाही आलं, तरी चालेल. शिंदला न्या, कारीला न्या, रोहिड्यावर न्या. पाऊस असेल, चिखल असेल. असू द्या. त्यांनाही होताच.