सुट्या तुकड्यांचा प्लायवूड दिवा : आराखडा आणि माप

लेझर यंत्रावर कापलेल्या प्लायवूडच्या सपाट तुकड्यांतून, खिळे वा स्क्रू न वापरता घरीच जोडता येणाऱ्या दिव्याला ‘फ्लॅट-पॅक’ दिवा म्हणतात. जोडलेला दिवा आतून पोकळ असल्याने जागा अडवतो. सुटे तुकडे मात्र एका पाकिटात मावतात. कल्पना जुनी आहे. थोनेट या ऑस्ट्रियन कंपनीने १८५९ मध्ये आणलेल्या ‘क्रमांक १४’ या खुर्चीचे भाग सुटे करून एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या पाठवल्या जात.

लेझर कापणीचे तंत्र आता शहरापुरते राहिलेले नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. संगणकावरील रेखाटनाबरहुकूम कापणारी यंत्रे हा अशा प्रयोगशाळांचा गाभा असतो.

अर्थात, यंत्र प्रत्येक गावात नसते. मध्य प्रदेशच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील, धारणीच्या वाटेवरील देडतलाईसारख्या गावातला सुतार रेखाटन स्वतः करून कापणीसाठी शहरात पाठवू शकतो. पण माप चुकले तर प्लायवूड, कापणीची मजुरी आणि शहराचा फेरा असे तिन्ही वाया जातात.

चूक बहुधा खाचेच्या रुंदीत होते. ४ मिलिमीटर म्हणून विकलेले प्लायवूड प्रत्यक्षात ३.८ भरू शकते. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने ते चार-पाच जागी मोजावे. शिवाय लेझरचा किरण स्वतःच्या रुंदीइतके लाकूड जाळतो. ही रुंदी साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असते आणि तेवढी खाच रुंदावते. जाडी ३.८ आणि किरणाची रुंदी ०.२ असेल, तर रेखाटनात खाच ३.६ मिलिमीटरची काढावी.

सर्वांत सोप्या रचनेत दोन उभे तुकडे असतात. एकाला वरून व दुसऱ्याला खालून अर्ध्या उंचीपर्यंत खाच देऊन ते फुलीसारखे एकमेकांत सरकवतात. मध्यभागी होल्डर व बल्बसाठी जागा कापलेली असते. वरची व खालची चकती हे तुकडे धरून ठेवते.

प्लायवूड निवडताना डिंकाकडे लक्ष द्यावे. पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडमधील फिनॉलिक डिंक लेझरने नीट कापला जात नाही, कडा करपतात. साधे प्लायवूड सहज कापले जाते; मात्र गोवा-कोकणच्या पावसाळी हवेत ते फुगते. म्हणून जोड अतिघट्ट ठेवू नये आणि कडांना पॉलिश द्यावे. पीव्हीसीचा थर असलेली शीट लेझरखाली कधीही घालू नये. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो. तंतूचा बल्ब फार तापतो, त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बल्बच वापरावा आणि गरम हवा जाण्यास वर वाट ठेवावी.

पूर्ण दिवा कापण्याआधी त्याच शीटच्या एका पट्टीवर ३.४ ते ३.८ मिलिमीटरच्या पाच खाचा कापून घ्याव्यात. हाताने दाबल्यावर बसणारी आणि उलटे धरले तरी न निसटणारी खाच हेच खरे माप. पहिल्यांदा शहराकडे ही पट्टी पाठवावी, दिवा नंतर.