विश्लेषण : कोंबडीचा ‘बरोबर’ तुरा कसा घडवला जातो आणि त्याची किंमत काय?

प्रदर्शनात कोंबडी उभी केली की परीक्षक आधी तिचं रूप पाहतात. तुरा कसा आहे? पिसांवरची नक्षी नीट आहे का? हे कशावरून ठरतं? प्रत्येक जातीचं एक लेखी मानक असतं. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने असं मानक १८७४ मध्ये प्रथम छापलं. त्यात न बसणारा पक्षी स्पर्धेतून बाद होऊ शकतो. मात्र मानक पाळण्याच्या हट्टाचा फटका कधीकधी कोंबड्याच्या प्रजननक्षमतेलाच बसतो. अमेरिकेतली वायंडॉट ही जात त्याचं ठळक उदाहरण आहे.

वायंडॉटचा तुरा कसा हवा?

आपल्याकडे सर्रास दिसतो तो एकेरी, करवतीसारखा दातेरी तुरा. वायंडॉटचा तुरा मात्र रुंद, बसका आणि वर बारीक दाणे असलेला असतो. मागे त्याचं टोक मानेच्या वळणाला धरून खाली झुकतं. याला गुलाब-तुरा म्हणतात. कडाक्याच्या थंडीत उंच तुऱ्याची टोकं गोठून झडतात, बसक्या तुऱ्याला तो धोका कमी असतो. रुपेरी किनारीची वायंडॉट १८८३ मध्ये अमेरिकी मानकात आली. तरीही आजवर तिच्या पिल्लांमध्ये अधूनमधून एकेरी तुरा निघतोच.

एकेरी तुरा परत का येतो?

प्रत्येक पिल्लाला तुऱ्याच्या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. गुलाब-तुऱ्याची एकच प्रत असली तरी गुलाब-तुरा येतो. एकेरी तुरा दिसायला मात्र एकेरीच्या दोन्ही प्रती लागतात. त्यामुळे दिसायला अगदी निर्दोष असलेल्या नर-मादीत एकेरी तुऱ्याची एकेक प्रत लपलेली असू शकते. अशा जोडीच्या पिल्लांपैकी सरासरी चौथा हिस्सा एकेरी तुऱ्याचा निघतो.

तुरे अशा नियमाने वारशात येतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवलं. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, याचा तो सुरुवातीचा पुरावा होता. पुढे बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी गुलाब-तुरा आणि वाटाणा-तुरा यांचा संकर केला, तेव्हा पिल्लांना तिसराच, अक्रोडासारखा तुरा आला. पुढच्या पिढीत चारही प्रकार ९:३:३:१ या प्रमाणात दिसले. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हे गुणोत्तर परिचयाचं आहे.

मग दोन्ही प्रती गुलाब-तुऱ्याच्या असलेलेच पक्षी का ठेवत नाहीत?

खरी अडचण इथेच आहे. ज्या नराकडे गुलाब-तुऱ्याच्या दोन प्रती असतात, त्याच्या शुक्राणूंची हालचाल मंद असते आणि अंडी कमी फळतात. एकच प्रत असलेल्या नराला हा त्रास नसतो. माद्यांनाही नसतो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांच्या चमूने २०१२ मध्ये याचं कारण मांडलं. गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा बसल्यामुळे तुऱ्याचा आकार बदलतो. त्याच तुकड्याच्या टोकाशी शुक्राणूंशी संबंधित एक जनुक तुटतं.

म्हणजे ‘शुद्ध’ नराची पिल्लं कमी होतात आणि एकेरीची प्रत लपवून असलेल्या नराची जास्त. त्यामुळे कितीही निवड केली तरी एकेरी तुरा कळपातून पूर्ण जात नाही.

पिसांच्या नक्षीचं काय?

ते गणित आणखी किचकट आहे. रुपेरी वायंडॉटच्या प्रत्येक पांढऱ्या पिसाला सलग काळी किनार हवी. त्यासाठी अनेक जनुकं एकत्र जुळावी लागतात. एखादं निसटलं तर किनार तुटते किंवा पिसाच्या मध्यभागी काळं उतरतं.

पट्टेदार प्लायमाउथ रॉक जातीत वेगळाच पेच आहे. पट्ट्यांचं जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतं. नराकडे त्याच्या दोन प्रती असू शकतात, मादीकडे एकच. त्यामुळे एकाच जोडीची नर पिल्लं फिकट आणि तलंगा गडद दिसतात. प्रदर्शनात दोघांची छटा सारखी हवी म्हणून पैदासकार दोन वेगळ्या वंशरेषा ठेवू लागले. स्पर्धेचे नर मिळवायला गडद माद्या आणि स्पर्धेच्या माद्या मिळवायला फिकट नर वापरले जात.

पैदासकाराने काय करावं?

नराकडे कोणत्या प्रती आहेत हे ओळखायला त्याला एकेरी तुऱ्याच्या कोंबडीशी जोडतात. एक जरी पिल्लू एकेरी तुऱ्याचं निघालं तर नरात एकेरीची प्रत लपलेली आहे हे नक्की. असा नर बाद करण्याची गरज नसते. दोन्ही प्रती गुलाब-तुऱ्याच्या असलेल्या माद्यांशी त्याला जोडलं तर सगळ्या पिल्लांना गुलाब-तुरा येतो आणि अंडीही नीट फळतात.

म्हणून वायंडॉट पाळणारे जाणकार एकेरी तुऱ्याची चांगली कोंबडी लगेच काढून टाकत नाहीत. प्रदर्शनात तिला जागा नसते, पण पुढच्या पिढीला चांगली अंडी फळवणारे नर तिच्यामुळेच मिळतात.