उंबरठ्यावरची मुलं : हॅलोवीनच्या दारभेटीचा इतिहास



आजचा विषय वरकरणी पोरखेळ वाटेल. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ, अमेरिकेतलं एखादं उपनगर. बेल वाजते. दार उघडावं तर समोर एक चेटकीण, एक हाडांचा सापळा आणि एक मधमाशी. तिघं एका सुरात ओरडतात, ‘ट्रिक ऑर ट्रीट!’ म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू. आपण टोपलीतली चॉकलेटं त्यांच्या पिशव्यांत टाकतो, मुलं थँक्यू म्हणतात आणि शेजारच्या दाराकडे पळतात. सगळा मामला अर्ध्या मिनिटाचा.

या अर्ध्या मिनिटामागे काही शतकांचा इतिहास आहे, आणि तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्नही आहे : अनोळखी माणूस दारात उभा राहिला तर आपण दार किती उघडायचं? आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं आज तिकडे आहेत. त्यांच्या दारात हा प्रश्न दरवर्षी येतो. म्हणून आज हा विषय घेतला.

सुरुवात कुठून करायची, इथेच पहिली अडचण येते. हॅलोवीन म्हणजे केल्टिक लोकांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ‘साविन’ नावाचा मृतांचा सण, असं सर्रास सांगितलं जातं. आयर्लंडमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर साविन होत असे, हे खरं. पण ख्रिस्तपूर्व काळात तो मृतांचा सण होता याला ठोस पुरावा नाही, हे रोनाल्ड हटन या ब्रिटिश इतिहासकाराने चांगलं दाखवून दिलं आहे. मृतांचा संबंध स्पष्ट दिसतो तो चर्चच्या पंचांगात. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस नवव्या शतकात रुळला. २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस, तो अकराव्या शतकाच्या आसपास क्लूनीच्या मठातून पसरला. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ ती हॅलोवीन.

आता दारात येणाऱ्यांकडे वळू. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब आणि मुलं घरोघर जात. घरधनीण त्यांना ‘सोल केक’ नावाची छोटी गोड पोळी देई. त्या बदल्यात त्यांनी त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करायची. माणूस मेल्यावर त्याचा आत्मा काही काळ शुद्धिलोकात यातना भोगतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेने तो काळ कमी होतो, अशी श्रद्धा होती. म्हणजे बघा, दारात आलेला गरीब नुसता मागायला आलेला नाही. तो या घराच्या पितरांचं काम करायला आलेला आहे. आपल्याकडे पितृपक्षात पानावर बसलेल्या माणसाला कोणी भिकारी म्हणत नाही, तसंच हे.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारणा आली आणि शुद्धिलोकाची कल्पनाच नाकारली गेली. पायाच काढून घेतला, मग वरचा मजला पडायला हवा होता. पण तो पडला नाही! चेशायर, श्रॉपशायर अशा भागांत मुलं एकोणिसाव्या शतकातही गाणी म्हणत दारोदार जात होती. ज्या धर्मविचारातून रूढी जन्मली तो विचार गेला, रूढी राहिली. रूढींच्या इतिहासात हे वारंवार दिसतं.

स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये याचं आणखी एक रूप होतं, त्याला ‘गायझिंग’ म्हणतात. गाइज म्हणजे वेष, सोंग. मुलं सोंग घेऊन येत आणि गाणं, कविता किंवा विनोद सादर करत. ते झालं की मगच सुकामेवा, सफरचंद किंवा नाणं हातावर पडे. हातात सलगमचा एक जातभाई कोरून केलेला दिवा असे. भोपळा आला तो नंतर, अमेरिकेत. इथे प्रार्थनेच्या जागी कला आली, पण तत्त्व तेच राहिलं : काहीतरी देऊन मग घ्यायचं.

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचा भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अमेरिकेला गेली. स्कॉटिश लोकही जात होतेच. त्यांच्यासोबत हॅलोवीन गेला. पण तिथे आधी बोकाळला तो खाऊ मागण्याचा भाग नव्हे, तर खोड्यांचा. कुंपणाची फाटकं उचलून न्यायची, गाडी सुटी करून कौलांवर नेऊन जोडायची, परसातले संडास उलथवायचे, खिडक्यांच्या काचांना साबण फासायचा. आपल्याकडे होळीसाठी गावातली लाकडं पळवणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे परकं वाटणार नाही. गावात सगळे एकमेकांना ओळखत असत, म्हणून ते चालूनही जात होतं.

शहरात ते चालेना. १९२०-३० च्या दशकांत, विशेषतः महामंदीच्या काळात, खोड्यांची तोडफोड झाली. १९३३ सालच्या रात्रीला तर काही शहरांत ‘काळा हॅलोवीन’ म्हटलं गेलं. नगरपालिका आणि नागरिकांच्या संघटनांपुढे प्रश्न पडला, पोरांचं करायचं काय? सण बंद करा, असंही काही जण म्हणू लागले. पण अनेक ठिकाणी वेगळा मार्ग निघाला : पोरांना गुंतवा. मिनेसोटातल्या अनोका या गावाने १९२० मध्येच मुलांची मिरवणूक काढली होती. इतरत्र मुलांसाठी घरोघरी मेजवान्या ठेवल्या गेल्या.

याच सुमारास ‘ट्रिक ऑर ट्रीट’ हे शब्द पुढे येतात. आधी कॅनडात. १९१७ मध्ये ऑन्टारियोत आणि १९२७ मध्ये अल्बर्टा प्रांतातल्या ब्लॅकी या छोट्या गावाच्या बातमीत ते छापलेले सापडतात. मग १९३९ मध्ये ‘द अमेरिकन होम’ या मासिकात डॉरिस हडसन मॉस यांचा लेख आला. त्याचा आशय असा की हॅलोवीनला पोरांच्या भीतीने दारं लावून बसण्यापेक्षा घर उघडं ठेवा, मुलांना आत बोलवा, खायला द्या. आम्हाला हा छोटासा लेख महत्त्वाचा वाटतो. खोडी काढायला आलेल्याला पाहुणा करून टाकायचं, ही यातली युक्ती. एका गृहिणीने मांडलेलं हे एक प्रकारचं राजकीय तत्त्वज्ञानच आहे!

युद्धात ही चाल थबकली. १९४२ ते १९४७ साखरेवर रेशन होतं, गोळ्या वाटणार कुठून? रेशन उठलं, उपनगरं वाढली, घराघरात मुलं होती आणि दारं जवळजवळ होती. १९५१ मध्ये ‘पीनट्स’ या चित्रमालिकेत आणि १९५२ मध्ये डिस्नेच्या लघुपटात ट्रिक ऑर ट्रीट दिसू लागलं. दशकभरात ते देशभर पसरलं.

पण हे सगळ्यांना रुचलं असं नाही. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर बॉइज क्लबच्या मुलांनी मिरवणुकीत एक फलक धरला होता. त्याचा अर्थ होता : अमेरिकन मुलं भीक मागत नाहीत. आक्षेप गंभीर होता. आधी प्रार्थना होती, मग कला होती. आता मूल मोबदल्यात काय देतं? ‘खोडी काढणार नाही’ एवढंच. ही तर गोड खंडणी झाली! आणि पुढे तर धमकीचाही अर्थ संपला. आजच्या मुलाला विचारा, खाऊ दिला नाही तर काय करशील? ते गोंधळून बघेल.

मग ही भीक आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. आपल्याकडे माधुकरी मागणारा विद्यार्थी आणि भिकारी यांत फरक केला जात असे. पदार्थ तोच, पोळी-भाजी. पण माधुकरीत गावाने मान्य केलेलं होतं की हा मुलगा आपला आहे, त्याच्या शिक्षणाला आपला हातभार आहे. ट्रिक ऑर ट्रीटमध्येही आळीतली मोठी माणसं मिळून सगळ्याच मुलांना म्हणत असतात, तुम्ही आमची आहात. म्हणून तर श्रीमंताचं पोरही पिशवी घेऊन येतं. १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या अ‍ॅलिसन दांपत्याने याला आणखी एक वळण दिलं. मुलांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यांत जगातल्या गरजू मुलांसाठी नाणी गोळा केली. पहिल्या वर्षी १७ डॉलर जमले, ते युनिसेफला गेले. त्यातून पुढे मोठी मोहीम उभी राहिली. मागणारं मूलच देणारं झालं.

आता भीतीकडे येऊ, कारण दार बंद होतं ते भीतीमुळे. १९६०-७० च्या दशकांत अमेरिकेत बोलबाला झाला की अनोळखी लोक मुलांच्या सफरचंदांत ब्लेड आणि गोळ्यांत विष घालतात. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड घातलेला खाऊ खाऊन खरोखर मेला. पण मारेकरी अनोळखी नव्हता. विम्याच्या पैशासाठी बापानेच ते केलं होतं, आणि आळ अनोळखी घरावर जावा म्हणून रात्र हॅलोवीनची निवडली होती. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनची वृत्तपत्रं चाळली. अनोळखी माणसाने सरसकट वाटलेल्या खाऊमुळे मूल मेल्याचं किंवा गंभीर जखमी झाल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलं नाही.

मग धोका नाहीच का? आहे, पण तो रस्त्यावर आहे. २०१९ च्या सुरुवातीला बालरोगशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात ४२ वर्षांच्या आकडेवारीचा अभ्यास आला. हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचारी वाहनाखाली मरण्याचं प्रमाण आसपासच्या संध्याकाळांपेक्षा ४३ टक्के अधिक निघालं. म्हणजे आई-बाप घरी येऊन चॉकलेटचं वेष्टण तपासत बसतात आणि खरं संकट मघाशी रस्ता ओलांडताना होतं. माणूस भीतीची जागा कशी चुकीची निवडतो, याचा हा नमुना आहे. आपल्याला दारामागचा अनोळखी चेहरा भिववतो, रोजची ओळखीची मोटार नाही.

मुलांबद्दलही भाबडेपणा नको. १९७६ मध्ये एड डीनर आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सिअ‍ॅटलमधली २७ घरं, १३५२ मुलं. घरातली बाई सांगे, एकच गोळी घे, आणि आत निघून जाई. नाव विचारलेली, एकटी आलेली मुलं जादा घेण्याचं प्रमाण साडेसात टक्के. नाव न विचारलेली, घोळक्यात आलेली मुलं ५७ टक्के! प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधल्या गायजीसची गोष्ट आठवा. अंगठी फिरवली की अदृश्य होणारा माणूस सज्जन राहील का? मुखवटा ही मुलांची अंगठीच. पण या प्रयोगाची दुसरी बाजू आम्हाला अधिक मोलाची वाटते. ‘बाळ, तुझं नाव काय? कुठे राहतोस?’ एवढं विचारलं की वागणं बदलतं. आदरातिथ्य म्हणजे नुसता खाऊ नव्हे, चौकशीही.

आता सर्वांत दुःखद प्रसंग. ऑक्टोबर १९९२, लुइझियाना राज्यातलं बॅटन रूज. योशिहिरो हत्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी मित्रासोबत हॅलोवीनच्या पार्टीला निघाला होता. घर चुकलं. अंगावर पार्टीचा वेष. घरमालकाने बंदूक रोखून जागीच थांबायला फर्मावलं. त्याला बहुधा ते कळलं नाही, तो पुढे आला आणि गोळी सुटली. पुढे फौजदारी खटल्यात मालक निर्दोष सुटला. दिवाणी दाव्यात मात्र मुलाच्या आई-वडिलांच्या बाजूने निकाल लागला.

कांटने १७९५ मध्ये ‘चिरंतन शांतता’ या निबंधात याच प्रश्नाला हात घातला होता. परक्याला आपल्या घरात राहण्याचा हक्क नाही, असं तो म्हणतो. पण तो शांतपणे आला असेल, तर त्याला शत्रू न मानलं जाण्याचा हक्क त्याला आहे. पाहुणा म्हणून राहणं वेगळं, भेट देणं वेगळं. कांट देशांच्या सीमांबद्दल बोलत होता. पण हॅलोवीनच्या रात्री प्रत्येक घराचा उंबरठा ही एक छोटी सीमाच असते. मूल आत येत नाही, बसत नाही. ते फक्त भेटीचा हक्क बजावतं. हत्तोरीला नाकारला गेला तो नेमका हा हक्क.

आपल्या परंपरेत कठोपनिषदात याच्या उलट चित्र आहे. तिथे मूल मृत्यूच्या दारात जातं. यम घरी नाही, नचिकेत तीन रात्री उपाशी बसून राहतो. परत आलेला यम आधी काय करतो? पाहुणा उपाशी राहिला या दोषाची भरपाई म्हणून तीन वर देतो. हॅलोवीनला मृत्यूचं सोंग घेऊन मूल आपल्या दारात येतं. साक्षात यमाला जे कर्तव्य चुकत नाही, ते आपल्याला कसं चुकेल?

तिकडच्या आपल्या लोकांनी हे बरंच आपलंसं केलं आहे. १९६५ च्या कायद्यानंतर गेलेल्या पहिल्या पिढीला आधी प्रश्न पडला असेल की ही भुतं कसली! पण २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन तिकडे एकाच संध्याकाळी आले, तेव्हा एकाच दारात पणत्याही होत्या आणि भोपळाही. दारावरचा दिवा लावलेला म्हणजे ‘या’, विझवलेला म्हणजे ‘आज नको’, हा हॅलोवीनचा संकेत पणती लावणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. घरचे लाडू देऊ नका. भावना चांगली असली तरी तिकडे वेष्टणबंद खाऊच घेतात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी पेन्सिल, खडू अशा वस्तू वेगळ्या ठेवा. दारात मोरपंखी रंगाचा भोपळा ठेवला की तशी सोय आहे हे कळतं. ही पद्धत गेल्या दहा-बारा वर्षांत रुजली. पायऱ्यांवर उजेड ठेवा. आणि मिसरूड फुटलेला, सोंगही धड न घेतलेला पोरगा आला तर त्याला हटकू नका. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात बारा वर्षांवरच्यांना बंदी होती आणि कायद्यात तुरुंगाचीही तरतूद होती. २०१९ मध्ये त्यांनी वय वाढवलं आणि तुरुंग काढून टाकला. शहाणपणाच केला. मोठं होऊ घातलेलं मूल अजून एक वर्ष मूल राहू पाहतंय, त्याला एक चॉकलेट जास्तच द्या.

आज तिकडे एक नवी चाल आहे : मोटारतळावर गाड्या लावायच्या आणि डिकीतून खाऊ वाटायचा. रहदारीचा धोका त्यात कमी होतो, हे मान्य. पण त्यात दार नाही, आणि त्या दारामागे कोण राहतं हे मुलाला कळत नाही. वर्षभर बंद असलेलं शेजारचं दार एका रात्री उघडतं आणि आतली म्हातारी माणसं हसून बघतात, हा अनुभव मुलाला पुढे कुठे विकत मिळणार आहे?

वेळ झाली. काही प्रश्न असतील तर घेऊ.