हवाला कशाचा दिला जातो?

मेंदूच्या चित्रणशास्त्रात पाऊल ठेवणाऱ्याला हल्ली शोधनिबंधांच्या आधी आकडे भेटतात. गूगल स्कॉलरवर कार्ल फ्रिस्टन यांचे नाव टाका, सायटेशन्सचा आकडा २ लाखांच्या पुढे आणि एच-इंडेक्स २०० च्या वर. म्हणजे प्रत्येकाचा किमान २०० वेळा हवाला दिला गेला आहे, असे निदान २०० निबंध! २०१६ मध्ये सिमँटिक स्कॉलरच्या क्रमवारीत ते मेंदूवैज्ञानिकांत पहिले आले. नव्या अभ्यासकाने या आकड्याने दबून जाऊ नये, त्याला नाक मुरडू नये. तो कशामुळे फुगला याचा माग काढू लागलात, तर या शाखेचा बराच इतिहास आपोआप हाती लागतो.

फ्रिस्टन मूळचे मनोविकारतज्ज्ञ. १९९०च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात पेट स्कॅनमधून मेंदूतल्या रक्तप्रवाहाची चित्रे मिळत होती. पण दोन चित्रांत दिसणारा फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवायचे कसे? स्कॅनमध्ये मेंदू लाखभर बारीक घनांत विभागलेला असतो. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेलची वेगळी चाचणी घेतली आणि ५ टक्के चूक चालवून घेतली, तर काहीही घडत नसताना सुमारे ५,००० व्हॉक्सेल उजळतील. फ्रिस्टन यांनी या चाचण्यांना एक सांख्यिकीय चौकट दिली. कॅनडातले संख्याशास्त्रज्ञ कीथ वॉर्सली यांच्या गणिताने ती भक्कम झाली. एसपीएम नावाने तिची संगणकप्रणाली तयार झाली आणि ती फुकट वाटली गेली.

माझ्या मते त्या आकड्याचे गुपित या फुकट वाटण्यात आहे. पुढे चुंबकीय स्कॅनिंगचे एफएमआरआय हे तंत्र आले, स्कॅनर गावोगावच्या विद्यापीठांत पोचले, आणि ज्याने एसपीएम वापरले त्याने पद्धतीच्या परिच्छेदात फ्रिस्टन यांच्या निबंधाचा हवाला दिला. अनेकांनी तो निबंध उघडलाही नसेल. मसाल्याच्या पुडीवरचे नाव घरोघर पोचते, पण पुडीमागचा मजकूर कोण वाचतो? हे मेंदूशास्त्रापुरते नाही. प्रथिने मोजण्याच्या रीतीवरचा ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१चा निबंध कित्येक दशके जगात सर्वाधिक उद्धृत होता, तोही पद्धतीचाच.

हत्यार फुकट मिळाले म्हणून ते जपून वापरले गेले असे मात्र नाही. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’. अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती न करता हिशेब मांडला, तर माशाच्या मेंदूत हालचाल दिसत होती. या कामाला २०१२चे इग नोबेल हे गमतीचे पारितोषिक मिळाले. हसून झाल्यावर हा प्रयोग नीट वाचावा. दुरुस्ती न करण्याची सवय त्या काळी मुळीच दुर्मीळ नव्हती.

आता वेगळ्या जातीचा एक निबंध. १९९५ मध्ये मिल्वॉकीत भरत बिस्वाल हे विद्यार्थी एफएमआरआयच्या संकेतातला गोंगाट कमी करायच्या खटपटीत होते. माणूस स्वस्थ पडून असतानाही हात हलवणारे डावे-उजवे भाग एका लयीत चढतात-उतरतात, हे त्यांना त्या ‘गोंगाटात’ दिसले. सुरुवातीला अनेकांनी हे श्वासाचे किंवा नाडीचे उपद्व्याप मानले. आज विश्रांत मेंदूचा अभ्यास ही मोठी उपशाखा आहे. २०१० मध्ये बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी ३५ केंद्रांतील १,४१४ जणांची अशी चित्रे एकत्र करून दाखवली आणि ती सर्वांना खुली केली. एखाद्या निबंधाचा प्रभाव दोन-तीन वर्षांत मोजू पाहणाऱ्यांनी १९९५ नंतरच्या त्या सावध काळाकडे जरूर पाहावे.

दोन्ही धागे २०१६ मध्ये एकत्र आले. स्वीडनचे अँडर्स एकलुंड व हान्स क्नुटसन आणि त्यांच्यासोबत टॉमस निकोल्स यांनी त्या खुल्या साठ्यातली ४९९ निरोगी माणसांची विश्रांत चित्रे घेतली आणि त्यांवर एसपीएमसह तीन प्रचलित प्रणाली चालवल्या. व्हॉक्सेलचे पुंजके शोधण्याच्या काही रीतींत, ५ टक्के अपेक्षित असताना, चुकीच्या निष्कर्षांचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेले. या टीकेनेही फ्रिस्टन यांच्या खात्यात सायटेशन्सची भरच पडली. मोजणी करणारे यंत्र स्तुती आणि खंडन वेगळे काढत नाही.

एकलुंड यांचा हा निबंध वाचायला घ्याल तेव्हा त्याची दुरुस्तीही सोबत ठेवा. मूळ निबंधात सुमारे ४०,००० अभ्यासांवर प्रश्नचिन्ह लावले होते. वर्तमानपत्रांनी तो आकडा उचलून धरला. पुढे लेखकांनीच तो काढून तिथे केवळ ‘काही’ अभ्यास असे छापले. निकोल्स यांनी वेगळा हिशेब मांडला, तेव्हा खरोखर बाधित निबंध साडेतीन हजारांच्या आसपास निघाले. त्यांच्याहून कितीतरी अधिक निबंधांत अनेक चाचण्यांसाठीची कसलीही दुरुस्ती केलेलीच नव्हती.