मराठा कचेरीचं कर्नाटक कॉलेज

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची जुनी इमारत कॉलेजसाठी बांधलेलीच नव्हती. तिथं रेल्वेची मुख्य कचेरी होती, सदर्न मराठा रेल्वे कंपनीची. कन्नड मुलखातल्या कंपनीला हे नाव पडलं त्याला कारण पेशवाई. ती बुडाल्यावर हा भाग इंग्रजांच्या दप्तरात ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणून चढला. बहुतेक घरी कन्नड बोललं जाई, पण कागदावर मुलूख मराठ्यांचाच राहिला.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात इथं माणसं अन्नावाचून गेली. धान्य वेळेवर पोचवायचं तर रूळ हवेत हे सरकारला तेव्हा पटलं आणि १८८२ मध्ये ही कंपनी उभी राहिली. कारखाना हुबळीला आला, कचेरी धारवाडला. कारकुनांचे हिशेब सांभाळायला घडलेली ती दगडी वास्तू, तिचे कमानदार व्हरांडे!

मीटरगेजची गाडी मिरजेवरून थेट पुण्याला जाऊ लागली. धारवाडात कॉलेज नव्हतं. मॅट्रिक झालेला मुलगा ट्रंक, वळकटी, फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन त्या गाडीत बसायचा. घरी मराठी बोलणारे आणि पुढं कन्नडचे महाकवी झालेले द. रा. बेंद्रे असेच शिकायला पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेले. ज्यांना ट्रंक घेणंच परवडत नव्हतं, त्यांचं शिक्षण मॅट्रिकलाच थांबे. मला या कथेत सर्वांत जास्त ती मुलं आठवतात.

१९०८ मध्ये ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एक झाल्या, मुख्य कचेरी मद्रासला गेली. इकडे रोद्द श्रीनिवासराव, अरटाळ रुद्रगौडा ही मंडळी कॉलेजसाठी वर्गणी गोळा करत, सरकारकडे खेटे घालत होती. १९१७ मध्ये कॉलेज सुरू झालं आणि पुढं रेल्वेच्या या वास्तूत आलं. नावातला ‘मराठा’ गेला, ‘कर्नाटक’ आलं. एक दगड न पाडता एवढा मोठा बदल झाला, याचं मला फार मोल वाटतं. गिरीश कार्नाड याच कॉलेजातून १९५८ मध्ये गणित घेऊन पदवीधर झाले.

१९६२ मध्ये हुबळी आणि धारवाड यांची एकच महानगरपालिका झाली. २००३ मध्ये नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय या जोडशहरात आलं. म्हणजे रेल्वेची मोठी कचेरी ९५ वर्षांनी परतली, पण ती आली हुबळीत, जुन्या कारखान्याच्या गावी. धारवाडच्या कचेरीत तोवर मुलांच्या कितीतरी पिढ्या शिकून गेल्या होत्या.