धारणा आणि गळती : संगणकीय स्मृतीच्या वीजखर्चाचा इतिहास

संगणकाच्या स्मृतीचा इतिहास लिहिताना बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात : तीत किती मावते आणि ते किती वेगाने हाती येते. जे मावले ते टिकवण्यासाठी काय मोजावे लागते, हा तिसरा प्रश्न तळटिपेत ढकलला जातो. वास्तविक अर्धवाहक स्मृतीच्या गेल्या साठ वर्षांतील बरेचसे निर्णय या तिसऱ्या प्रश्नापाशीच येऊन थांबतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अर्धवाहक चिपा येण्यापूर्वीची स्मृती चुंबकीय होती. एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकात १९५३ मध्ये फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती बसवली गेली आणि पुढची वीसेक वर्षे संगणकांचा संसार या तारांत ओवलेल्या कड्यांवर चालला. वीज गेली तरी कडी आपले शून्य वा एक विसरत नसे. मात्र तिच्यातील नोंद वाचताच पुसली जाई, म्हणून वाचल्यावर ती पुन्हा लिहावी लागे. वाचणे म्हणजे पुन्हा लिहिणे, हा नियम पुढील काळातही सुटला नाही; त्याचे कारण मात्र बदलले.

१९६६ मध्ये यॉर्कटाउन हाइट्स येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट डेनार्ड हे अभियंते एका बिटसाठी सहा ट्रान्झिस्टर खर्ची घालणाऱ्या स्मृतीवर काम करीत होते. सहकाऱ्यांच्या चुंबकीय स्मृतीवरील एका व्याख्यानात तिची साधी रचना पाहून आपला खटाटोप त्यांना फार अवजड वाटू लागला. त्याच संध्याकाळी घरी विचार करताना त्यांना उत्तराची दिशा सापडली : बिट म्हणजे एका कपॅसिटरमधील विद्युत्भार, आणि त्याला एकच ट्रान्झिस्टर दरवाजासारखा. भार असला तर एक, नसला तर शून्य. जून १९६८ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले.

आपल्या परिभाषाकारांनी कपॅसिटरला ‘धारित्र’ म्हटले आहे. ‘धृ’ या धातूपासून धारणा, धारित्र, आधार असे सारे घराणे निघते. पण हे धारित्र गळके निघाले. त्यात लाखाच्या आसपास इलेक्ट्रॉन साठतात आणि ते हळूहळू झिरपून जातात. झिरपण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरायची, असा उपाय ठरला. या पुनर्भरणाला इंग्रजीत ‘रिफ्रेश’ म्हणतात आणि अशा स्मृतीला ‘डायनॅमिक’. जे टिकत नाही त्याला गतिमान म्हणण्यातली सौम्योक्ती साहित्याच्या अभ्यासकांच्या नजरेतून सुटू नये.

इंटेलने ऑक्टोबर १९७० मध्ये आणलेल्या ‘११०३’ या चिपेत १०२४ बिट होते, आणि दर दोन मिलिसेकंदांत सगळ्यांचे पुनर्भरण करावे लागे. तरीही तिने कड्यांना बाजारातून हटवले, कारण ती स्वस्त पडली. स्वस्ताई पत्करली तेव्हा विसराळूपणाही पत्करला गेला. तेव्हापासून जी वीज खर्च होते आहे, ती त्या सौद्याचे व्याज होय.

व्याज कमी करण्याचे काही मार्ग सरळ होते. फ्रँक वॉनलस यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या सीमॉस रचनेत मंडल स्वस्थ असताना जवळजवळ वीजच लागत नाही. १९७८ मध्ये हिताचीने सीमॉसच्या आधारे बनवलेली चार किलोबिटची ‘स्टॅटिक’ चिप वेगात इंटेलच्या ‘२१४७’च्या तोडीस तोड होती, पण जिथे त्या चिपेला ११० मिलिअँपिअर लागत, तिथे हिला १५ पुरले. दुसरा मार्ग व्होल्टेज उतरवण्याचा. भारण्याची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ५ व्होल्टवरून १.१ व्होल्टवर येणे म्हणजे तेवढ्याच धारित्रासाठी विसावा भाग. गळती मात्र व्होल्टेज उतरवून बुजत नाही.

खरा पेच पुनर्भरणाच्या नियमात आहे. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या पिढ्यांत प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा भरली गेलीच पाहिजे, आणि तापमान ८५ अंशांवर गेले की त्याच्या निम्म्या वेळात. हा काळ सर्वांत दुबळ्या कोशांवरून ठरतो. २०१२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेमी लिऊ, ओनुर मुतलू प्रभृतींनी दाखवले की ३२ गिगाबाइटच्या स्मृतीत २५६ मिलिसेकंदही तग न धरणारे कोश जेमतेम हजारभर असतात. तेवढ्यांसाठी अब्जावधी कोशांची वारंवार उजळणी चालते. दुबळ्या ओळी ओळखून बाकीच्यांना सवड दिली, तर सुमारे ७५ टक्के पुनर्भरणे आणि स्मृतीच्या वीजखर्चापैकी सुमारे १६ टक्के वाचतात, असा त्यांचा हिशेब होता.

कोशांची धारणा नियमाने गृहीत धरली त्याहून चिवट आहे, याचा पुरावा २००८ मध्येच निराळ्या दिशेने आला होता. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी संगणकातील चिपा उणे ५० अंशांपर्यंत गार करून वीज तोडली. दहा मिनिटांनंतरही एक टक्क्याहून कमी बिट हरवले होते, आणि त्यांतून कूटलेखनाच्या गुप्त किल्ल्या वाचता आल्या. जे विसरले गेले असे मानून निर्धास्त राहावे, ते तिथेच होते.

मग उद्योगाने सवड का दिली नाही? काही कोशांचा धारणकाळ कारण न कळता बदलतो. आज चाचणीत उत्तम उतरलेला कोश उद्या गळू लागतो. हे लक्षण १९८७ पासून प्रबंधांत नोंदले गेले आहे. अशा कोशाला एकदा तपासून कायमचे ‘सशक्त’ ठरवणे धोक्याचे. भ्रमणध्वनीच्या स्मृतीत झोपेच्या वेळी काही भागाचे पुनर्भरण थांबवण्याची सोय आहे खरी, पण तिथे त्या भागातील मजकुरावर आधीच पाणी सोडलेले असते. जे राखायचे आहे त्याबाबत मात्र उद्योग अधिकच सावध झाला. कोश लहान होत गेले, आणि २०२० च्या डीडीआर-५ मानकाने व्होल्टेज १.२ वरून १.१ वर आणताना पुनर्भरणाची मुदत ६४ वरून ३२ मिलिसेकंदांवर आणली.